तलावातला चर

घाटनांदूर,
चैत्र

प्रिय शिवकन्या,

पाकिटावर घाटनांदूरचा शिक्का पाहून तू दचकली असशील. होळीनंतर मी इथे माहेरी निघून आले. तुझ्या अण्णांनी तुला सांगितलं असेल, आईचा गुडघा दुखतोय, हवापालटाला गेली आहे. गुडघा दुखतोच आहे, तेवढं खोटं नाही. त्रिंबकमामाने मला काही विचारलं नाही. मामीने माडीवरची खोली झाडून दिली. एक पलंग, एक माठ, आणि खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात. सकाळी मामीबरोबर ज्वारी निवडते, दुपारी पडून राहते. या वयात माहेरी राहायला आलेल्या बाईकडे गल्लीतल्या बायका कशा बघतात ते तुला सांगायला नको. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण तू मध्येच रडली असतीस, मग मी तुला समजावत बसले असते आणि सांगायचं ते राहून गेलं असतं. म्हणून लिहिते आहे. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

मागच्या पोळ्याला तू आलीस तेव्हा पाऊस गेल्याला महिना होऊन गेला होता. बैलं धुवायला तलावावर नेली, तर पाणी पार आत सरकलेलं, आणि काठाच्या चिखलात बैलांचे पाय रुतायला लागले म्हणून गड्यांनी त्यांना बादल्यांनीच धुतलं. माझी लेक नागपूरला आभाळातून काढलेल्या फोटोंवरून दुष्काळाचे नकाशे करते, हे मी गावभर सांगत असे. पण तू नेमकं काय करतेस ते मला त्या आठवड्यात कळलं. तू म्हणालीस, आई, वरून तलावाचं पाणी किती पसरलंय ते दिसतं, कुणाचं शिवार हिरवं आहे ते दिसतं, पण कुठली विहीर कुणाची आणि कुठली मोटर कुठे बसवली आहे ते पायी फिरूनच लिहावं लागतं. दोन्ही जुळवलं की सांगता येतं, प्यायचं पाणी कुठवर पुरेल आणि कधी संपेल. असा नकाशा तुला आपल्या गावासाठी करायचा होता. ऑफिसने सांगितलेला नव्हता, सुट्टीतलं तुझं आपलं काम होतं. आणि तुला फिरवायला आला आश्रुबा.

आश्रुबाची खालची वस्ती तलावाला लागून, त्यामुळे त्याला काठाचा कोपरान् कोपरा ठाऊक. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, डोक्याला टॉवेल गुंडाळून तू आठ दिवस उन्हात फिरलीस. दुपारी त्याच्याच घरी जेवायचीस. त्याच्या बायकोच्या, बायनाबाईच्या हातची बाजरीची भाकरी आणि ठेचा खाऊन आलीस की रात्री माझ्या वरणभाताला नावं ठेवायचीस. बायनाबाईने तुला तिची मोसंबीची बाग दाखवली. ती झाडं लावली तेव्हा पाइपलाइन नव्हती, दोन उन्हाळे तिने डोक्यावर घागरी वाहून ती जगवली होती, आणि या वर्षी पहिला मोठा बहर धरला होता. आश्रुबाने तुला सगळ्यांच्या मोटारी दाखवल्या, आणि स्वतःचीही दाखवली. तूच मला आश्चर्याने सांगितलंस. तो म्हणाला होता, "ताई, खोटं कशाला बोलू, माझी बी हाय. परवानगी न्हाई. पर एक सांगा, ह्या कागदानं कुनाचं वाईट तर होणार न्हाई ना?" तू म्हणालीस, "मुळीच नाही आश्रुबाभाऊ, हे फक्त प्यायच्या पाण्यासाठी आहे." तू मनापासून बोललीस. मलाही ते खरंच वाटलं होतं.

घटस्थापनेच्या आधी तू नकाशा छापून आणलास आणि बैठकीच्या सतरंजीवर पसरलास. निळा तलाव, हिरवी शेतं, आणि काठाने एकेका मोटारीचं लाल टिंब, शेजारी मालकाचं नाव. अण्णा चष्मा लावून खाली बसले, तुझ्या शेजारी, मांडी घालून. मला तर भरूनच आलं. तू सांगत होतीस, आजच सगळे उपसे बंद केले तर हे पाणी मृगापर्यंत पुरेल, नाही तर होळीलाच तळ दिसेल. आणि सगळ्यात मोठा उपसा अण्णांच्याच उपसा सिंचन संस्थेच्या जॅकवेलवरून, म्हणजे पाणी खेचायच्या विहिरीवरून होतो, हेही तू घाबरत घाबरत सांगून टाकलंस. ते रागावले नाहीत. तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरीनं लई मोलाचं काम केलं. मी सोता जाऊन देतो साहेबाला." तू त्या रात्री मला मिठी मारलीस. म्हणालीस, मला वाटलं होतं अण्णा नकाशा फाडून टाकतील. फाडला असता तर बरं झालं असतं, शिवू.

पुढचं अर्धं तुला माहीत आहे. तलावाचं पाणी पिण्यासाठी राखीव झालं, आणि तहसीलचं पथक आलं ते तुझा नकाशा हातात घेऊनच आलं. खालच्या वस्तीची एकेक लाल टिंब गाठून मोटारी उचलल्या, तारा तोडल्या, विजेचा डीपीही उतरवून नेला. संस्थेच्या जॅकवेलपाशी पथक आलं तेव्हा अण्णांनी कागद पुढे केला. संस्थेचा ऊस या वर्षी कारखान्याला जाणार नाही, जनावरांच्या चाऱ्यासाठी राखून ठेवला आहे, म्हणून तो जगवणं हे दुष्काळाचंच काम. साहेबांनी मान डोलावली, आणि आपल्या ओसरीवर पोहे खाऊन गेले. पोहे मीच केले होते.

दुसऱ्या दिवशी आश्रुबा आला. अण्णा झोपाळ्यावर बसले होते, त्यांनी त्याला बस म्हटलं नाही. तो अंगणात उभा राहूनच म्हणाला, "दादा, मी माजी मोटर ताईला सोता दाखिवली. लपवून ठिवली असती तर घावली असती का? बागेला दोन पाणी द्या, बहर उतरला की मीच मोटर आनून घालतो तुमच्या दारात." अण्णा हसले. म्हणाले, "मी कोण देणार बे? तुला मी पकडलं का? वरून दिसतंय सगळं. सॅटेलाइट हाय ते, त्याच्यापुढं ना जात चालते ना पात." आश्रुबाने विचारलं, "मग तुमचा ऊस दिसत न्हाई का त्याला?" ओसरीवर चारपाच माणसं बसली होती. अण्णा तेवढ्याच सावकाश म्हणाले, "दिसतो की. हिरवागार दिसतो. आन तुजी बाग बी दिसंल आता, कशी दिसती ते बघ." त्या दिवसापासून गावात कुणाला दाबायचं झालं की ते हेच म्हणायला लागले, वरून दिसतंय. तुझ्या कामाला त्यांनी देवाचा डोळा करून टाकलं, आणि तो कुठे उघडायचा, कुठे मिटायचा ते आपल्या हातात ठेवलं.

दिवाळीला तू त्यांच्याशी भांडलीस. तुझा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी एकच वाक्य टाकलं, "नकाशा तुजा, हुकूम सरकारचा, मी मधे कुठं हाय?" तू पाडव्याचं ओवाळणंही न करता निघून गेलीस. जाताना खालच्या वस्तीवर गेली नाहीस. लाज वाटली म्हणालीस. तू गेल्यावर बायनाबाई आली होती, हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण सांगून तुझ्या हातून काही होण्यासारखं नव्हतं. ती आत आली नाही. मागच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "वैनी, तुमच्या लेकीला आमी पोटच्या पोरीगत फिरीवलं. तिनं आमचंच घर दावून दिलं. तिला म्हनावं, बाग वाळली, आता फोटो काढ." मी तिला आत ये म्हटलं, पाणी देऊ लागले. तिने घेतलं नाही. ती बाई सोशिक वगैरे नव्हती. तोंडाने फाटकी होती, आणि त्या दिवशी तिने जे बोलायचं ते बोलून घेतलं. तुला वाईट वाटेल, पण तिचं बोलणं तिच्याच शब्दांत तुझ्यापर्यंत पोचावं असं मला वाटतं.

संक्रांतीपर्यंत मोसंबीची पानं गळाली, आणि झाडांवर सुपारीएवढी काळी पडलेली फळं तेवढी राहिली. आश्रुबाने झाडं तोडून कडा गावच्या वखारीला सरपण म्हणून घातली. मग आपल्या माळावर छावणी सुरू झाली. संस्थेचीच छावणी, संस्थेचाच ऊस, आणि कुणाचं जनावर आत घ्यायचं ते अण्णा ठरवायचे. आश्रुबाची दोन बैलं आणि एक गाय त्यांनी दावणीला लावून घेतली, पण आठवड्याभराने बाहेर काढली, का, तर त्याने छावणीत बसून पुन्हा ते उसाचं बोलणं काढलं म्हणून. बैलं आष्टीच्या बाजाराला नेली तर कुणी दात बघायलाही पुढे येईना. गाय त्याच्या दारात खुंट्यालाच बसली ती उठली नाही. बाकीच्या लोकांनी हे पाहिलं आणि ज्याने त्याने आपलं तोंड शिवून घेतलं. त्यांना दोष देऊन काय करू? जनावर छावणीत बांधलेलं असलं की माणूसही बांधलेलाच असतो.

आता जे सांगते ते तुला माहीत नाही. महाशिवरात्रीच्या आसपास तलावाचं पाणी जॅकवेलपासून तुटलं. मधोमध खोलगटात डबकं उरलं, आणि सभोवती गाळ. वरून वाळून भेगाळलेला, पण आत पिठल्यासारखा मऊ. तेव्हा अण्णांनी पोकलेन आणलं आणि त्या डबक्यापासून थेट जॅकवेलपर्यंत गाळातून चर खोदला. लहानसहान नव्हता. दोन बैलगाड्या शेजारून जातील एवढा रुंद, आणि उभा माणूस दिसणार नाही एवढा खोल. आपल्या गच्चीवरून मी रोज पापड वाळत घालताना बघत होते. जेवायला वाढताना मी एकदा म्हटलं, "ते पाणी लोकांना प्यायला राखून ठेवलंय ना?" तर म्हणाले, "लोकाला टँकर हाय की. ऊस वाळला तर छावणी बंद, छावणी बंद तर जनावरं खाटकाला. मंग तेच लोक मला शिव्या देतील. तू भाजी वाढ." टँकर होता, पण तो आधी वरच्या गावात रिकामा व्हायचा. खालच्या वस्तीला तळाचं गढूळ जायचं, कधी तेही नाही.

म्हणून खालच्या वस्तीच्या बायका त्या चरात उतरायला लागल्या. मोटर बंद असली की चराच्या तळाला बऱ्यापैकी पाणी साचायचं. गाळात पायऱ्या पाडून एक बाई खाली उतरायची, दुसरी वरून घागर घ्यायची. होळीच्या आदल्या दिवशी बायनाबाई उतरली होती, वर तिची सासू दगडाबाई. काठ ढासळला. दगडाबाई सांगते, आवाजसुद्धा झाला नाही, भिंतीसारखा काठ नुसता पुढे आला आणि खाली बसला. म्हातारीची हाक ऐकून वस्ती धावली, मीही गच्चीवरून पाहिलं आणि चपला न घालता पळत गेले. आश्रुबा माझ्या आधी पोचला होता. तो हाताने गाळ उपसत होता, आणि जेवढा उपसायचा तेवढा वरून परत येत होता. बायनाबाईचा एक हात कोपरापर्यंत बाहेर होता, आणि बांगड्या हलत होत्या. शिवू, मी डोळ्यांनी पाहिलं. त्या हलत होत्या.

पोकलेन तिथेच होतं, हाकेच्या अंतरावर, बाभळीच्या सावलीला. संस्थेचा आसाराम त्याच्याजवळ उभा होता. आश्रुबा त्याच्या पाया पडला. आसाराम म्हणाला, "चेअरमनला इचारल्याबिगर मशीन हलवता येत न्हाई रे, माजी नोकरी जाईल." त्याने फोन लावला. अण्णा कड्याला मीटिंगमध्ये होते. फोन लागेना, मग लागला, मग आसारामने तो मोठ्या आवाजावर टाकला, कारण बायकांच्या रडण्यात त्याला ऐकू येईना. म्हणून मी तुझ्या बापाचा आवाज माझ्या कानांनी ऐकला, आणि तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकला. त्यांनी विचारलं, "जॅकवेलचा पाईप चरातच हाय का अजून?" आसाराम म्हणाला, "हाय." "आगुदर पाईप काढून घे. मंग बाई काढ. आन पोलीस यायच्या आत चर बुजव."

आसारामने तसंच केलं. लांबलचक पाइप, तो ओढायला वेळ लागतो. मी ओरडले, आसाराम, मी सांगते तुला, आधी बाई काढ. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि परत मशीनकडे बघितलं. पाइप निघेपर्यंत बांगड्या थांबल्या होत्या. मग बायनाबाईला काढलं. तिला काठावर ठेवलं आणि तिच्यादेखत, म्हणजे ती तिथे पडलेली असताना, पोकलेनने चर बुजवायला सुरुवात केली. आश्रुबा तिच्या तोंडातला गाळ बोटाने काढत बसला होता. त्याने वर पाहिलंच नाही. दगडाबाईने मला एकच विचारलं, "कावून वैनी? आमचं काय चुकलं?" मी लुगड्याच्या पदराने बायनाबाईचं तोंड पुसलं, तेवढंच केलं.

पंचनाम्यात काय लिहिलं ते ऐक. आश्रुबाने तलावाच्या पोटात चोरून खड्डा खणला, त्यात त्याची बायको गेली. पुरावा म्हणून तुझा नकाशा जोडला, कारण त्या जागेच्या जवळच तुझं लाल टिंब आहे आणि त्यावर आश्रुबाचं नाव आहे, तुझ्याच हातचं. आधीची मोटर जप्त झाली तरी हा सुधारला नाही, असं लिहिलं. चर कुणी पाहिला, म्हणून विचारलं तेव्हा ज्यांची जनावरं छावणीत होती त्यांच्यातल्या एकानेही पाहिला नव्हता. जागेवर तर नुसता सपाट गाळ. आसारामने साक्ष दिली की संस्थेने माणुसकी म्हणून मशीन दिलं. बायनाबाईचं तेरावं व्हायच्या आत आश्रुबाला धरून नेलं. बायकोच्या मरणाला कारण झाल्याच्या गुन्ह्यात तो बीडच्या तुरुंगात आहे. दहाव्याला कावळा शिवेना म्हणून दगडाबाई किती वेळ बसून होती, ते मला वस्तीवरच्या बायकांनी सांगितलं.

मी ठाण्यात गेले. एकटी, एसटीने. लग्न झाल्यापासून उखाण्याशिवाय मी यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. तिथे खुर्चीवर बसून सांगितलं, चर राधाकिशन यांनी खोदला, पाइप आधी काढायला राधाकिशन यांनी सांगितलं, मी त्यांची बायको, माझं लिहून घ्या. साहेबाने चहा मागवला. माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये मध्ये मान हलवली. मग आत जाऊन फोन केला, आणि थोड्या वेळाने आपलीच जीप दारात येऊन उभी राहिली. साहेब मला जीपपर्यंत सोडायला आले. ड्रायव्हरला म्हणाले, "काकूला सांभाळून न्या, उन्हाचा तरास झालाय." एक अक्षर लिहून घेतलं नव्हतं.

घरी अण्णांनी मला मारलं नाही. मारतील असं वाटलं होतं. जेवण झाल्यावर सुपारी कातरत अगदी शांतपणे बोलले. "कौशल्या, मी तिला ढकललं न्हाई. ती चोरून पाण्याला गेलती. आन तू कोर्टात गेलीस तर जा, पर एक ध्यानात ठेव. आगुदर बोलावतील ते तुज्या लेकीला. सरकारी नोकरीत ऱ्हाऊन खासगी नकाशा कावून केला, कुनाच्या परवानगीनं केला, तो पोलिसाच्या हातात कसा गेला, सगळं निघंल. मला काय व्हायचं हाय? माज्यामागं सारा तालुका हाय. तिच्यामागं कोण हाय?" एवढं बोलून त्यांनी सुपारीचं खांड माझ्यापुढे केलं, रोजच्यासारखं. मी घेतलं नाही. सकाळी पिशवी भरून निघाले. त्यांनी गेटपर्यंत येऊन विचारलं, कधी परत येणार, आणि वाटेने जाणाऱ्या माणसाकडे बघून हसले.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. त्रिंबकमामाने आंबाजोगाईला एक वकील बघून दिला आहे. तरुण आहे, घाबरत नाही. तो म्हणतो, बाई, तुमच्या साक्षीला नवरा-बायकोचं भांडण म्हणतील, गावातलं कुणी बोलणार नाही, जमिनीवर काही उरलेलं नाही. पण महाशिवरात्रीच्या आसपास चर पडला आणि होळीच्या आदल्या दुपारी बुजला. त्या मधल्या दिवसांत तुझ्या उपग्रहाने आपल्या तलावावरून फेऱ्या घातल्याच असतील, आणि एवढा मोठा चर त्याला दिसला असेल. तो चर आश्रुबाच्या टिंबाकडे जात नाही, सरळ जॅकवेलकडे जातो, हेही दिसत असेल. ते फोटो तू काढून, तुझ्या सहीने, तारखेनिशी द्यायचे आहेत. कोर्टात उभी राहून सांगायचं आहे की नकाशाही तुझा आणि हे फोटोही तुझे. तुझी नोकरी जाऊ शकते, हे तुझ्या अण्णांनी सांगितलं ते खोटं नाही, वकीलही तेच म्हणाला. आणि फोटोत चर दिसला तर तुझे अण्णा आत जातील, तेही मला कळतं. मी तुला शपथ घालत नाही, दूध पाजल्याची आठवण देत नाही. तू नाही म्हणालीस तरी तू माझी मुलगी आहेस. फक्त गप्प बसू नकोस. नाही द्यायचे असतील तर तसं दोन ओळींत लिही. तुरुंगात भेटीच्या दिवशी मी आश्रुबाला जाऊन सांगेन, की वाट बघू नको.

तुझीच,
आई